कानातली, नथी, क्लिपा मांडायला विणलेली चौकट (दोन सुया, फक्त सुलट टाके)

सुलटउलट

माझी जाऊ ऑक्सिडाइज्ड दागिने विकते. दिवाळीच्या आधी सोसायट्यांमधून प्रदर्शनं लागतात, तिथे तिचं टेबल असतं. इतकी वर्षं झुमके थर्माकोलमध्ये खोचायची. थर्माकोलचं म्हणजे, दोनचारदा काढ-घाल झाली की भोक सैल, झुमका खाली, आणि तो पांढरा भुगा नक्षीत जाऊन बसतो तो ब्रशनेसुद्धा निघत नाही. म्हटलं, मी तुला विणून देते. दिलेलं तिला आवडलंय, टेबलावर बायका दागिन्यांआधी चौकटीबद्दलच विचारतात, म्हणून इथे लिहून ठेवते.

आधी एक मत. नेटवर असं काही शोधलं की नाजूक जाळीच्या विणी समोर येतात. दिसतात छान. पण कानातल्याच्या आकड्याला एक भोक लागतं, आजूबाजूला पन्नास नकोत. जाळीवर वजन आलं की सगळीच भोकं खाली ओघळतात आणि दोन दिवसांत चौकटीला पोट सुटतं. वर ‘लोकर पुढे, दोन टाके एकत्र’ हे प्रत्येक ओळीत एकाच दिशेने करत गेलं की कापड तिरकं चालायला लागतं. तेव्हा घट्ट साधं कापड विणायचं आणि भोकं मोजून, हवी तिथेच पाडायची.

साहित्य: 10 बाय 12 इंचाची लाकडी फोटोफ्रेम (काच आणि मागचा पुठ्ठा काढून टाका, आतली मोकळी जागा साधारण 25 बाय 30 सेमी मिळते), मध्यम जाडीचं विणकामाचं सूत, 8 नंबरच्या सुया, बारीक खिळे. सूत 50 ग्रॅममध्ये व्हावं, पण हात सैल असेल तर जवळ 100 असू द्या.

माझ्या हाताला 10 सेमीत 20 टाके आणि 40 ओळी येतात. तुमचा हात वेगळा असणार, नमुना विणून मोजाच. कापड मुद्दाम फ्रेमपेक्षा चार-चार सेमी लहान ठेवायचं, म्हणजे ताणून बसवता येतं. 21 सेमी म्हणजे 42 टाके, 26 सेमी म्हणजे 104 ओळी.

42 टाके घाला. सगळ्या ओळी सुलट. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उतरवायचा: सूत पुढे ठेवून, उलट टाक्याला घालतो तशी सुई घालून. मग सूत मागे नेऊन पुढचे टाके सुलट. याने कडेला साखळीसारखी वीण येते, ती पुढे फार उपयोगी पडते.

11, 31, 51 आणि 71 या ओळी भोकांच्या. कडेचे 5 टाके सुलट, मग (2 सुलट, सूत पुढे, 2 एकत्र सुलट) असं आठ वेळा, शेवटी 5 सुलट. ‘सूत पुढे’ म्हणजे सूत दोन सुयांमधून पुढे आणायचं आणि तसंच पुढचे टाके विणायचे; सूत सुईवरून जातं, एक नवा टाका वाढतो आणि भोक पडतं. पुढच्या ओळीत त्या सूत-पुढेचा नेहमीचा सुलट टाका विणायचा. संपलं. कडेला 5 का, तर 3 ठेवले की भोकं 9 होतात आणि दर ओळीत एक झुमका विधुर राहतो.

71 नंतर 104 पर्यंत नुसतं सुलट. ती खालची मोकळी जागा लांब लोंबत्या कानातल्यांसाठी. टाके सैल बंद करा, घट्ट केलेत तर खालची कड आवळून बसेल.

बसवताना: कापड ओलं करून, पिळून, टॉवेलवर चारही बाजूंनी पिना लावून 24 बाय 29 पर्यंत ताणून वाळवा. मग फ्रेमच्या मागच्या बाजूला दर अडीच सेमीला खिळा, आणि कडेच्या साखळ्या दोऱ्याने त्या खिळ्यांना ओवत जायचं, खाटेची सुतळी ओवतात तसं. आधी वर-खाली, मग डावं-उजवं. साखळी दोन ओळींना एक येते, त्यामुळे मोजायला सोपं: एका बाजूला 52.

32 भोकं, 16 जोड्या. आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोठ्या झुमक्यांची जोडी तीसेक ग्रॅम भरते, म्हणजे चौकट भरली की अर्ध्या किलोच्या आसपास वजन. घट्ट कापड का हवं ते यावरून कळेल.

पेठेतली_पल्लवी

वा! वाचनखूण साठवली. एक शंका, एक ओळ सुलट एक ओळ उलट विणली तर पुढून गुळगुळीत दिसेल ना? स्वेटरसारखं. सगळं सुलट म्हणजे ते खडबडीत रेघा रेघांचं दिसतं.

सुलटउलट

@पेठेतली_पल्लवी, दिसेल, पण त्या विणीच्या कडा मुडपतात. दोन्ही बाजू मागे वळतात, वरची-खालची कड पुढे येते. खिळ्यांवर ताणलं तर सरळ राहील, पण ताण जरा सैल पडला की परत गुंडाळायला सुरुवात. सगळं सुलट विणलेलं कापड आपोआप सपाट पडतं. शिवाय त्या रेघांचा फायदा आहे: दोन रेघांच्या मधल्या खाचेत साडीपिन, ब्रोच, नुसता खडा असलेल्या कुड्या कुठेही टोचता येतात, भोक लागत नाही. गुळगुळीत बाजूवर पिन घसरते.

मिशिगनचा_बाब्या

बायकोसाठी वाचतोय (ती म्हणते तू वाच आणि मला सांग, म्हणजे विणणार कोण ते लक्षात आलं). इकडून विणणाऱ्यांसाठी: इथल्या दुकानातली 8 नंबरची सुई घेऊ नका. अमेरिकन 8 म्हणजे 5 मिमी. भारतात जुनी ब्रिटिश मापं चालतात, तिथली 8 म्हणजे 4 मिमी, ती इथे 6 नंबरला मिळते. आणि गंमत म्हणजे तिकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, इकडे जाड. सुईवर मिमी छापलेलं असतं तेच बघा.

सुलटउलट

@मिशिगनचा_बाब्या, हे मी वर लिहायला हवं होतं. वहिनींना नमस्कार सांगा, आणि सुया तुम्हीच घ्या हातात.

एकसुई

छान आहे, पण खरं सांगू का, हे काम क्रोशाचं आहे. दोन सुयांचं कापड मुळातच ताणलं जाणारं. क्रोशाचा खांब (उंच टाका) ताणला जात नाही, भोक हवं तेवढं मोठं करता येतं, आणि मध्येच एक टाका सुटला म्हणून खालपर्यंत उसवत जात नाही. एका संध्याकाळी होतं. 104 ओळी कोण विणणार?

सुलटउलट

@एकसुई, हो, क्रोशा येत असेल तर क्रोशानेच करा, भांडण नाही. मला एकच फरक जाणवतो. क्रोशाच्या खांबांमध्ये पिन टोचली की ती दोन खांबांच्या फटीत फिरते, ब्रोच मान टाकतो. सुलट विणीचं कापड लवचिक असल्यामुळे पिनेला सगळीकडून धरून ठेवतं. नुसते आकड्यांचे झुमके असतील तर तुमचा क्रोशा जिंकला.

एकसुई

ब्रोचचा मुद्दा मान्य. बाकीचा नाही. :)

कुडाळची_माई

आमच्याकडे पावसात चांदी-पितळ आठवड्यात काळं पडतं. घरात जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर भरपूर आहे, यजमानांचा शुद्ध लोकरीचा स्वेटर होता. ती वापरली तर चालेल का? टाकवत नाही.

सुलटउलट

माई, चांदीसाठी नको. खऱ्या लोकरीत गंधक असतं, दमट हवेत ते हळूहळू सुटतं आणि चांदी आणखी काळी होते. चांदीच्या वस्तूंजवळ लोकरीचं कापड ठेवू नये असं संग्रहालयांतली जतन करणारी मंडळी सांगतात ते याचमुळे. शिवाय कोकणात कसर. स्वेटर ट्रंकेत सुरक्षित असतो, भिंतीवरच्या चौकटीला कोण डांबरगोळ्या बांधणार?

लुधियानाकडून येते ती नेहमीची लोकर बहुतेक ॲक्रिलिक असते. तिला कसर खात नाही, चांदीलाही त्रास नाही. पण ती वजनाने ताणली जाते ती परत येत नाही, म्हणून कापड सहा सेमी कमी विणा. आणि त्यावर इस्त्री टेकवू नका, वितळते.

त्या स्वेटरच्या लोकरीची बांगड्यांची नळी करा, काचेच्या बांगड्यांना गंधकाचं काही नाही. खाली लिहिते.

खारघर_लोकल

आमच्या हिचा प्रश्न: नथ कशी लावायची? तिच्याकडे सगळ्या दाबाच्या आहेत. भोकात जातच नाहीत.

सुलटउलट

@खारघर_लोकल, बरं विचारलंत. टोचलेल्या नाकाच्या नथीला तार असते, ती भोकातून जाते. दाबाच्या नथीला भोक काय कामाचं, तिला चिमटीत धरायला कड लागते. आणि ती कडही खाली तोंड केलेली हवी, नाकपुडीची असते तशी. वर तोंड केलेल्या कडेवर लावली तर नथ उलटी उभी राहते, मोती आकाशाकडे.

यासाठी कापडात फट पाडायची, मोठ्या काजासारखी. भोकांच्या ओळीऐवजी (51व्या ओळीच्या जागी धरा): 6 सुलट, 12 टाके बंद, 6 सुलट, 12 टाके बंद, 6 सुलट. पुढच्या ओळीत बंद केले तिथे तेवढेच 12 नवे टाके घालायचे. अशा दोन रुंद फटी मिळतात. माझ्याकडे विणकाम वरून खाली चाललंय, म्हणजे बंद केलेली कड फटीच्या वरच्या बाजूला येते आणि तिचं तोंड खाली. त्या कडेवर दाबाची नथ झकास बसते. बंद करताना इथे मात्र हात घट्ट ठेवा, सैल कड नथीच्या चिमटीतून निसटते.

मोजताना एक बघा: टाका बंद करायला नेहमी पुढचा टाका विणावा लागतो, त्यामुळे बाराव्यानंतर उजव्या सुईवर जो एक टाका उरतो तो पुढच्या 6 मधला पहिला धरायचा. नाहीतर शेवटी हिशेब चुकतो.

खारघर_लोकल

मोती आकाशाकडे 😀 आत्ता घरी तेच झालेलं आहे, शोकेसमधल्या पट्टीवर. फोटो टाकू का विचारलं तर नको म्हणाली.

गोंड्याची_आई

माझी मुलगी सहा वर्षांची, टिकटॅक क्लिपा घरभर. चौकट नको, दाराच्या मागे लटकेल असं काही?

सुलटउलट

@गोंड्याची_आई, पट्टी विणा. 10 टाके, सगळं सुलट, 50-60 सेमी लांब. टिकटॅक क्लिप पट्टीच्या कडेला चावते, डावीकडे एक उजवीकडे एक. वरच्या टोकाला पडद्याची कडी शिवा. पण अशी अरुंद पट्टी लोंबून लोंबून दीडपट होते, म्हणून मागून साडीच्या फॉलची पट्टी दुमडून हाताने शिवून टाका. फॉल सुती असला की एक इंचही वाढत नाही. मध्यभागीच शिवा, कडा मोकळ्या राहू द्या, क्लिपेला तेवढीच जागा लागते.

केसांचे रबर खालच्या टोकाला एक बटण लावून त्यात अडकवा.

गोंड्याची_आई

फॉल! घरात अर्धा डझन पडलेत, रंग न जुळलेले. आज रात्रीच बसते.

पेठेतली_पल्लवी

तुळशीबागेत गेले होते काल, सूत बघितलं. दोन प्रकार मिळाले, एक क्रोशाचं बारीक चकचकीत, एक जाड मऊ. दुकानदार म्हणाला दोन्ही चालेल. बारीक दुपदरी घेतलं तर?

सुलटउलट

@पेठेतली_पल्लवी, जाड मऊ घे. दुपदरी बारीक सूत विणताना एक पदर सुईवरून राहून जातो, आणि चकचकीत सूत जास्त घसरतं, पिना धरत नाही. मात्र गडद रंग घेतलास तर नमुन्याचा तुकडा आधी धुऊन बघ. सूत पहिल्या पाण्यात थोडं आकसतं, तेही त्यातच कळेल. मोजमाप धुतलेल्या तुकड्यावर करायचं.

काळाघोडा

गडद रंगावरून आठवलं. संक्रांतीला हलव्याच्या दागिन्यांचं प्रदर्शन आमच्या मंडळात असतं, बोरन्हाणाचे सेट वगैरे. काळ्या मखमलीवर मांडतो. मखमलीचे बारीक तंतू हलव्याला चिकटतात, आणि ते मूल तोंडात घालणार. काळ्या सुताची अशी चौकट केली तर? पण काळा रंग पांढऱ्या हलव्याला लागेल का?

माहेरवाशीण_67

मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, रंग पक्का होतो. आमची आई साड्या अशाच भिजवायची.

सुलटउलट

@काळाघोडा, कल्पना फार आवडली. माहेरवाशीण ताई, मिठाबद्दल मात्र माझं मत वेगळं. गिरणीत रंगवलेल्या सुताचा रंग नंतर मिठाने पक्का होत नाही. जो जास्तीचा रंग वर बसलेला असतो तो निघून जाईपर्यंत धुवायचं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग पांढरा ओला रुमाल दाबून बघायचा. रुमाल पांढरा राहिला तर हलवा मांडा.

हलवा म्हणजे साखर, त्यामुळे कापड पूर्ण कोरडं हवं. धुतल्यावर दोन उन्हं दाखवा. आणि हलव्याचे हार आकड्याने टांगू नका, त्यांचा दोरा बारीक असतो. चौकट टेबलावर आडवी किंवा थोडी तिरकी ठेवून वर मांडा, भोकांतून दोन-चार ठिकाणी काळ्या दोऱ्याने बांधून टाका. तन्मणी आणि मोत्यांच्या माळांनाही हेच सांगेन. मोती ओवलेला दोरा टांगून ठेवला की हळूहळू लांबतो, मण्यांमध्ये फटी दिसायला लागतात.

माहेरवाशीण_67

असेल बाई. पण आईच्या साड्यांचा रंग कधी गेला नाही एवढं खरं.

कुडाळची_माई

बांगड्यांचं सांगणार होतीस ना?

सुलटउलट

हो माई. ॲल्युमिनियम फॉइल संपली की आतली पुठ्ठ्याची नळी ठेवून द्या. तिचा घेर दोऱ्याने मोजा आणि त्यापेक्षा अर्धा-एक सेमी कमी रुंदीची सुलट पट्टी नळीच्या लांबीएवढी विणा. नळीवर ताणून गुंडाळायची आणि कडेच्या साखळ्या एकमेकींना शिवायच्या, म्हणजे शिवण जवळजवळ दिसत नाही. दोन्ही टोकांना पुठ्ठ्याच्या गोल चकत्या, एक बाजू काढता येईल अशी.

नळी केवढी चालेल ते बांगडीच्या मापावरून काढता येतं. 2-4 म्हणजे 2 पूर्णांक 4/16 इंच, म्हणजे आतला व्यास 57 मिमी. 2-6 चा 60. विणलेलं आवरण धरून नळी 45 मिमीच्या आत असली की बांगडी सहज सरकते, आणि लोकरीमुळे काचेवर काच किणकिणत नाही. नळीच्या दोन्ही बाजूंना विटकरीएवढे लाकडी ठोकळे लावून आडवी ठेवा, लहान मुलांनी ढकलली तरी गडगडत नाही.

सोन्याच्या पाटल्या-बांगड्या त्यावर ठेवू नका म्हणजे झालं, त्या कपाटातच बऱ्या.

प्रदर्शनवाली

मी कल्याण, ठाणे, दादर असं टेबल लावत फिरते, सगळं सामान लोकलमधून. लाकडी फ्रेम न्यायची म्हणजे हात भरतात आणि गर्दीत कोपरा कोणाला लागला की ऐकून घ्यायचं. गुंडाळता येईल अशी काही युक्ती?

सुलटउलट

@प्रदर्शनवाली, होईल. फ्रेम नाही, दोन काठ्या. सुरुवातीला 12 ओळी जास्त विणायच्या आणि शेवटीही 12, त्या मागे दुमडून शिवल्या की वर-खाली नेफा तयार. वरच्या नेफ्यात अर्ध्या इंचाची गोल काठी, खालच्यात जरा जड काहीतरी. आमच्याकडे सायकलच्या जुन्या तारा होत्या, तीन एकत्र बांधून खाली घातल्या. तार फुटाच्या आतबाहेर असते, 25 सेमीच्या चौकटीला थोडी कापावी लागते, टोकांना मेण किंवा टेप लावा नाहीतर सूत फाटेल.

इथे खिळ्यांचा ताण नाही, त्यामुळे कापड लांबणार. दोन्ही उभ्या कडांच्या मागून फॉलची अरुंद पट्टी शिवाच, आणि मधोमध एक तिसरी. रुंदी ताणली जाणार नाही, म्हणून सुरुवातीलाच 50 टाके घाला: कडेला 5-5 आणि मध्ये (2 सुलट, सूत पुढे, 2 एकत्र) दहा वेळा. दर ओळीत दहा भोकं, पाच जोड्या.

झुमके काढून मगच गुंडाळा. आकडे लावलेले ठेवून गुंडाळलं की एकाचा आकडा दुसऱ्याच्या घुंगरात अडकतो आणि टेबलावर गिऱ्हाईक उभं असताना सोडवत बसावं लागतं.

प्रदर्शनवाली

हे जमेल. टांगायचं कशाला पण? टेबलावर भिंत नसते.

सुलटउलट

टेबलाच्या कडेला लावायचे लोखंडी क्लॅम्प हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ते दोन घ्या. त्यात फूटभर-दीड फूट उंच बांबू उभे धरायचे आणि वरची काठी त्यांना रबराने बांधायची. चौकट किंचित मागे झुकलेली ठेवा, अगदी उभी नको. झुकलेली असली की दागिना कापडाला टेकून राहतो, पंख्याच्या वाऱ्याने फिरत नाही, आणि दाखवायला म्हणून हात लावला तरी आकडा भोकातून सहसा निघत नाही.

मिशिगनचा_बाब्या

अपडेट: सुया 6 नंबरच्या आणल्या. 18 ओळी झाल्या. हो, मीच विणतोय. भोकांच्या ओळीनंतर टाके 41 येतायत, का?

सुलटउलट

@मिशिगनचा_बाब्या, एका ठिकाणी ‘सूत पुढे’ राहिलंय. दोन एकत्र केले पण नवा टाका वाढवला नाही. भोकं मोजा, सातच असतील. उसवू नका. जिथे भोक नाही तिथल्या दोन टाक्यांमधला आडवा धागा सुईने उचला आणि तो सुलट विणा, टाके 42 होतील. भोक जागेवर यायचं नाही, थोडं खाली सरकेल आणि बारीक असेल, पण तिथे झुमका टांगला की दिसणार नाही.